आवाजाचा शिधा

पहिलीच्या बाईंचा आवाज शाळेच्या फाटकापाशी थांबेल तर शपथ. रस्त्यापलीकडच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातसुद्धा तो स्वच्छ ऐकू जायचा. "बाईंनी 'खाली बसा' म्हटलं, की मीही आपला स्टुलावर टेकतो," असं तो दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि त्यात थट्टा थोडी आणि खरं जास्त होतं.

त्या काळी आवाज हेच शिक्षकाचं मुख्य हत्यार असायचं. वर्गात चाळीस मुलं, खिडक्यांना काचा नाहीत, बाहेर ट्रकांची ये-जा, आणि भिंत अशी पातळ की अलीकडे शिंकलं तर पलीकडच्या वर्गानं रुमाल काढावा. या सगळ्याला बाई पुरून उरल्या होत्या त्या निव्वळ घशाच्या जोरावर. शिक्षकखोलीत त्यांच्या माघारी त्यांना 'कर्णा' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कर्णा म्हणजे काय, तर लांबवर पोचणारी वस्तू. त्यात वाईट ते काय?

घरी तर या आवाजावर एक माणूस जगत होतं. सासूबाईंना ऐकू फार कमी यायचं. डावा कान कामातून गेलेला, उजवा कसाबसा. लेकाचा आवाज सुईसारखा बारीक, तो त्यांच्यापर्यंत पोचायचाच नाही. शेजारणी चार वाक्यं बोलून दमायच्या आणि नुसत्या हसून निघून जायच्या. अख्ख्या जगात सासूबाईंना नीट ऐकू यायची ती एकटी सून. संध्याकाळी बाई शाळेतून आल्या की दोघींच्या गप्पा सुरू व्हायच्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत काय चाललंय, ते तळमजल्याला कळायचं. गुपित असं त्या घरात काही उरलंच नव्हतं.

तर अशा त्या आवाजाला एका सकाळी तडा गेला. बाई म्हणाल्या, "उघडा पुस्तक," आणि त्यातलं 'उघडा' तेवढं बाहेर आलं. पुस्तक घशातच राहिलं. मुलांनी सवयीनं पुस्तकं उघडली, पण पुढं काय करायचं ते सांगायला बाईंच्या तोंडून नुसती हवा निघत होती.

घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून बराच वेळ आत पाहिलं.

"घट्टे पडलेत बाई. कुदळ चालवणाऱ्याच्या हाताला पडतात ना, तसे. तुम्ही इतकी वर्षं घशानं खोदकाम केलंय."

बाईंनी विचारायला तोंड उघडलं.

"अंहं!" डॉक्टरांनी बोट वर केलं. "बोलायचं नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्यानं आणखी ताण येतो. दिवसाला पंधरा मिनिटं देतो तुम्हाला. तीही कशी, तर शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या कानाशी मऊ आवाजात बोलावं तशी. सहामाही परीक्षेपर्यंत एवढाच शिधा. पाळलात तर आवाज परत येईल. नाही पाळलात तर कात्री लावावी लागेल, मग किती उरेल ते मला विचारू नका."

दुसऱ्या दिवशी बाई गळ्यात पाटी अडकवून मुख्याध्यापकांसमोर उभ्या राहिल्या. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता, पण घाई फार. समोरच्याचं वाक्य अर्धं असतानाच त्यांचं उत्तर तयार असायचं. यावेळी तर समोरून वाक्यच येणार नव्हतं, त्यामुळे ते सुसाट सुटले.

"काही काळजी करू नका बाई. तुम्ही ऑफिसात बसा. दाखल्यांचं काम तुंबलंय, त्याला बोलावं लागत नाही. पहिली आपल्या नवीन बाई बघतील. तुमचा घसा बरा झाला, की मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय, ते बाईंना चांगलं माहीत होतं. तिसरीच्या एक बाई अशाच थोड्या दिवसांसाठी ऑफिसात गेल्या होत्या. त्यांचं तेव्हाचं तान्हं लेकरू आता कॉलेजात होतं आणि त्या अजून दाखल्यांवर शिक्के मारत होत्या. एकदा सुटलेला वर्ग परत हाती येत नाही. आणि हा तर पहिलीचा वर्ग, अक्षराला अक्षर जोडून मुलं नुकती शब्दाशी येऊन थडकलेली. अशा वेळी मुलं दुसऱ्याच्या हातात द्यायची?

त्यांनी पाटीवर लिहिलं, 'पहिली माझी.'

"अहो, पण न बोलता पहिली कशी शिकवणार? मुकाभिनय करणार का?"

बाईंची नजर त्यांच्या खांद्यावरून मागच्या काचेच्या कपाटावर गेली. तिथं विणलेल्या पांढऱ्या झाकणाखाली टेपरेकॉर्डर होता. शाळेच्या कुणा माजी विद्यार्थ्यानं दिलेला. एकदाच, वार्षिक समारंभात, तो लावला होता. त्यानं अशी किंकाळी फोडली की पाहुण्यांनी कानात बोटं घातली. तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता.

बाईंनी पाटी पुसली. 'तो द्या.'

"तो? अहो, तो शोभेचा आहे."

बाईंनी त्याच दोन शब्दांखाली जाड रेघ ओढली.

मुख्याध्यापकांनी डोकं खाजवलं. मग किल्ली काढली. "ठीक. पण सहामाहीला मी स्वतः परीक्षा घेणार. फळ्यावर एक ओळ लिहीन, पुस्तकाबाहेरची. ती वाचून दाखवायची. आणि पुढच्या बाकांना नाही हो विचारणार, ती पोरं कुणाच्याही हाती वाचतील. मागचे बाक घेणार. जमलं तर पहिली तुमची. नाही तर ऑफिस."

बाईंनी मान हलवली आणि झाकणासकट ते धूड उचललं.

शिक्षकखोलीतून जाताना चौथीचे सर आडवे आले. भिंतीपलीकडचा वर्ग त्यांचा. "काय बाई, कर्ण्याला कर्णा बसवला?" बाईंनी पाटीवर लिहून दाखवलं, 'तुमचा वर्ग आता तरी जागा होईल.' सर खो खो हसले. बाईंच्या पाटीला धार होती, एवढं त्यांना कळलं.

घरी मात्र पहिल्याच संध्याकाळी फजिती झाली. यजमानांनी माहितीपुस्तक चष्मा वर-खाली करत वाचलं आणि सांगितलं, "हे तांबडं बटण दाबायचं." बाईंनी विचार केला, तांबडं म्हणजे धोक्याचं, ते नंतर बघू. त्यांनी शेजारचं काळं दाबलं, आतली चाकं गोल फिरू लागली, आणि चाकं फिरतायत म्हणजे काम चाललंय अशा समजुतीनं त्यांनी तो दिवसाचा सगळा शिधा त्या पेटीपुढे ओतला. ऐकायला गेल्या तर आत नुसती खरखर. तांबडं आणि काळं, दोन्ही एकदम दाबायची असतात, हे यजमानांनी पुढचं पान उलटल्यावर वाचलं.

सासूबाई खाटेवरून हे सगळं बघत होत्या. सून घरात आहे, तिचे ओठ हलतायत, आणि आपल्याला एक अक्षर ऐकू येत नाही! एवढं त्यांनी आयुष्यात सोसलं नव्हतं.

"घरात जिवंत माणूस बसलंय," त्या भिंतीला म्हणाल्या, "आणि हिचं डबड्याशी गुलूगुलू चाललंय!"

बाईंनी पाटी पुढे केली. 'शाळेचं काम आहे, आई.' सासूबाईंनी चष्मा लावून जाड अक्षरं वाचली आणि पाटी पालथी ठेवून दिली.

पुढच्या संध्याकाळी दोन्ही बटणं एकदम दाबली गेली आणि बाईंनी पहिला धडा भरला. कसा? तर जसा रोज घ्यायच्या तसाच. आवाज तेवढा मऊ, बाकी सगळं जागच्या जागी. "सांगा बरं, सात पेन्सिलींतल्या दोन हरवल्या, किती उरल्या? पाच! शाब्बास! आता फळ्याकडे बघा. आणि तू रे, खिडकीबाहेर काय बघतोस? इकडे बघ." हे शेवटचं घातल्याशिवाय धडा पुरा झाल्यासारखं त्यांना वाटेना. वर्गात एक खिडकीवाला होता. मागच्या बाकावर बसून दिवसभर रस्त्याकडे बघायचा. त्याला रोज दोनदा हाक मारावी लागायची, म्हणून पेटीतही दोनदा मारून ठेवली.

सकाळी टेबलावर पेटी ठेवून बाईंनी बटण दाबलं, आणि चाळीस तोंडांचा 'आ' झाला.

"बाई, आत कोण आहे?"

"बाई, ही तुमची बहीण का?"

कारण तो आवाज बाईंचा आहे, हे मुलांना पटेचना. त्यांच्या बाईंचा आवाज म्हणजे ट्रकचा भोंगा. ही कोण बरं गोड बोलणारी? नाव मात्र लगेच पडलं, पेटीतल्या बाई.

पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग पेटीतल्या बाईंनी विचारलं, किती उरल्या. मुलं बोटं मोजायला लागली, तेवढ्यात पेटीनं उत्तर सांगून टाकलं. पुढच्या प्रश्नाला एकानं 'अकरा' असं ठोकून दिलं आणि पेटी म्हणाली, "शाब्बास!" एक मुलगी तावातावानं टेबलाशी आली. "पेटीतल्या बाई, हा मला मघापासून ढकलतोय." पेटी म्हणाली, "अगदी बरोबर!" ढकलणाऱ्याची छाती फुगली. आणि नेमकं तेव्हाच पेटीनं विचारलं, "तू रे, खिडकीबाहेर काय बघतोस?"

आता त्या दिवशी तो खिडकीवाला, पेटीच्या नवलाईनं, सगळ्यांच्या पुढे येऊन टेबलावर हनुवटी टेकून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा तो पुढे आला होता.

"मी कुठं बघतोय?" तो पेटीवर ओरडला. "मी तुमच्याकडेच बघतोय!"

"इकडे बघ," पेटी म्हणाली.

त्यानं भोकाडच पसरलं. चाळीस मुलं एकदम साक्ष देऊ लागली. कुणी पेटीच्या बाजूनं, कुणी त्याच्या. दारात मुख्याध्यापक उभे राहिलेले बाईंना दिसले. त्यांनी घड्याळात पाहिलं आणि निघून गेले. ते बाईंना फार लागलं. मधल्या सुट्टीत चौथीचे सर म्हणाले, "बाई, तुमच्या बहिणीला वर्गावर जरा वचक ठेवायला सांगा."

त्या संध्याकाळी बाईंनी पेटी खाटेशेजारच्या स्टुलावर आदळल्यासारखी ठेवली आणि चहा टाकायला आत गेल्या. सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. काळं बटण कोणतं, ते त्यांनी दोन दिवसांत बघून ठेवलं होतं. ते दाबून त्यांनी बाजूची चकती पार टोकाला फिरवली आणि उजवा कान जाळीला लावला.

आत बाईंना आधी आपलाच आवाज मोठ्यानं ऐकू आला आणि त्यामागोमाग सासूबाईंचा.

"सात पेन्सिली... त्यातल्या दोन... अगं थांब! मी मोजतेय तोवर ही बया पुढे गेली! अगं, विचारतेस कशाला मग, तुझं तूच सांगायचं होतं तर?"

बाई हातात पातेलं धरून दारातच थबकल्या. सासूबाईंना ऐकू येतंय हे एक. आणि दुसरं म्हणजे त्या पेटीशी जे भांडण करत होत्या, ते अगदी रास्त होतं.

त्यांनी पातेलं खाली ठेवलं, पेटीतली पट्टी मागे घेतली आणि परत ऐकली. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये आवंढा गिळण्याइतकीही जागा नव्हती. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. सगळीकडे तेच. वर्गात हे कधी ध्यानात आलं नव्हतं, कारण पुढच्या बाकांवरची पाच-सहा चुणचुणीत पोरं त्यांच्या तोंडातून प्रश्न पडायच्या आत उत्तर झेलायची. गाडी त्यांच्याबरोबर सुटायची. मागच्या बाकांवर कुणी अजून बोटं उघडत असेल, हे धावत्या गाडीतून दिसणार कसं?

दुसरी कुणी असती तर खाट धरून बसली असती. बाईंना उलट हुरूप आला. दुखतंय कुठं ते कळल्यावर त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. शिधा अजून शिल्लक होता. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'आई, मी विचारते. उत्तर मनात आलं की हात वर करा. तोंडानं बोलू नका.'

"मी कशाला बोलू?" सासूबाई म्हणाल्या. "मला कोण विचारतंय?"

पण सरसावून बसल्या. बाई त्यांच्या उजव्या बाजूला खाटेवर टेकल्या, पेटी दोघींच्या मांडीवर अर्धी अर्धी ठेवली, आणि सासूबाईंच्या कानाशी तोंड नेऊन हळूच प्रश्न विचारला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अगदी तसा. इतक्या वर्षांत दोघी इतक्या जवळ कधी बसल्या नव्हत्या. एवढ्या मोठ्या आवाजात बोलायचं तर जवळ बसण्याची गरजच काय होती?

आणि मग बाई थांबल्या. सासूबाईंचा हात वर जाईपर्यंत. सासूबाई छताकडे बघत, ओठ हलवत, बोटं मोजत विचार करत होत्या आणि चाकं फिरत होती. बाईंना ते थांबणं असह्य होत होतं. उत्तर जिभेवर येऊन नाचत होतं. त्यांनी दातांखाली ओठ धरला.

अर्थात सासूबाई गप्प बसतील ही आशाच खोटी होती. पहिल्या प्रश्नाला त्यांनी हात वर केला. दुसऱ्याला हात वर करून वर म्हणाल्या, "आलं!" आणि पेन्सिलींच्या प्रश्नाला तर त्यांचा सगळा संयम सुटला. "हरवल्या कशा पण? आधी शोधा की! असतील तिथंच कुठेतरी. सातच्या सात!"

बाईंनी कपाळाला हात लावला. पंधरा मिनिटं संपली होती. पुसून परत भरायचं तर आवाज उद्याचा लागणार, आणि सकाळी वर्ग तर घ्यायचाच होता. जे होतं ते तसंच घेऊन त्या शाळेत गेल्या.

पेटीतल्या बाईंनी प्रश्न विचारला. मुलं दबा धरून बसली, आता ही उत्तर सांगणार. पण पेटी गप्प. चाळीस मुलं एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी बोटं मोजायला घेतली. बऱ्याच वेळानं पेटीतून आलं, "आलं!"

"बाई, आत म्हातारी पण आहे!"

बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'आजी'. मुलांनी अक्षराला अक्षर लावून ते वाचलं आणि वर्गात एकच गलका झाला. मग पेन्सिलींचा प्रश्न आला. पुढच्या बाकांनी झटकन पाच म्हणून टाकलं, पण पेटी काही शाब्बास म्हणेना. मागे अजून बोटं दुमडली जात होती. आणि आजीनं खणखणीत आवाजात सांगितलं, सातच्या सात.

"आजी चुकली!" मागच्या बाकावरून आवाज आला. खिडकीवाला बाकावर उभा होता. "आजी, पाच! दोन हरवल्यात ना!"

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. अर्धं वर्ष होत आलं होतं आणि या मुलाचं उत्तर त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं.

त्या दिवसापासून धडे दोघींनी मिळून भरायचे असं ठरून गेलं. ठरवलं कुणीच नाही. सासूबाई चार वाजल्यापासून चष्मा पुसून तयार असायच्या. "आज काय? बेरीज? मला बेरीज देऊ नकोस, चित्राचं विचार," असं सूनबाईंना बजावायच्या, आणि बेरजेला मुद्दाम चुकतात की खरंच चुकतात, हा प्रश्न यजमानांनाही सुटला नाही. "माझ्या लहानपणी अभ्यास घेताना आई इतकी गोड असती, तर मी नापास झालो नसतो," असं ते आईकडे बघत म्हणाले. तेवढं मात्र तिला बरोबर ऐकू आलं.

बाईंचा हात आता पेटीवर सराईत झाला होता. बटणांवर रंगीत कागदाच्या टिकल्या चिकटवलेल्या. कोणता प्रश्न कुठं आहे, ते फिरत्या आकड्यांवरून त्यांना पाठ. आणि एके दिवशी त्यांनी तांबडं-काळं जोडीनं दाबलं ते वर्गातच, आणि पेटी मुलांपुढे धरली. मुलांनी वाचलं. संध्याकाळी सासूबाईंनी जाळीला कान लावून ते ऐकलं, आणि उत्तर भरून पाठवलं.

"तो पहिला पोरगा शेवटचं अक्षर गिळतो. जेवत नाही का घरी? आणि वेणीवाली असेल ती, तिला म्हणावं, मला बहिरीला ऐकू आलं पाहिजे. परत वाच."

ती मुलगी वेणीवालीच निघाली! हे आजीला पेटीतून दिसलं कसं, यावर वर्गात दोन दिवस चर्चा चालली. पण मुलं वाचायला लागली ती त्यानंतर. बाईंना वाचून दाखवणं वेगळं, बाईंना काय, सगळं आधीच येतं. आजीला खरंच ऐकू येत नव्हतं. तिच्यासाठी अक्षर न् अक्षर सुटं, स्वच्छ म्हणावं लागायचं.

पेटी पुढे बोलत असायची तेव्हा बाई मागे फिरायच्या. पूर्वी हे शक्यच नव्हतं, आवाजाला फळा सोडवायचा नाही. आता आवाज टेबलावर ठेवून त्यांचे पाय मोकळे झाले होते. अशाच एकदा त्या खिडकीवाल्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. तो बाहेर बघत होता आणि त्याचं बोट बाकाखाली मांडीवर काहीतरी गिरवत होतं. बाईंनी त्याच्या डोक्यावरून बाहेर पाहिलं. समोर सायकलवाल्याची पाटी होती. पोरगं गेले कित्येक महिने 'सायकल दुरुस्ती' जुळवत होतं. 'सायकल' पुरी झाली होती. गाडी 'दुरु' पर्यंत आली होती.

बाईंनी त्याला 'इकडे बघ' म्हटलं नाही. म्हणता येतही नव्हतं. त्या खाली वाकल्या आणि त्याच्या शेजारी बसून त्याही बाहेर बघू लागल्या.

सहामाहीच्या दिवशी मुख्याध्यापक नवीन बाईंना बरोबर घेऊनच आले. वर्ग हातात द्यायची तयारी करून आल्यासारखे. चौथीचे सर काही काम नसताना दारात रेंगाळले.

"आधी तुमचा धडा बघू," मुख्याध्यापक खुर्चीवर बसत म्हणाले. "चालू करा."

बाईंनी हिरवी टिकली दाबली. पेटीतल्या बाईंनी विचारलं, "एका झाडावर नऊ पक्षी बसले होते. चार उडून गेले. झाडावर किती राहिले?"

वर्ग शांत. बोटं हलतायत. मुख्याध्यापकांनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा मुलांकडे. खुर्चीत चुळबुळले. मग त्यांना राहवलं नाही.

"पाच! पाच राहिले ना? सांगा ना, पाच!"

"शूऽऽ!" मागच्या बाकावरून कुणीतरी दटावलं. "थांबा ना सर! आजी विचार करतेय."

दारात चौथीच्या सरांनी हसू लपवायला तोंड फिरवलं. मुख्याध्यापकांचा चेहरा असा झाला, की आता काय होणार म्हणून नवीन बाईंनीच श्वास रोखला. पण ते थांबले. बहुधा जन्मात प्रथमच. पेटीतून आजीचा आवाज आला, "बाकीचे उडाले कशाला? दगड कुणी मारला?" आणि वर्ग हसून लोळला. मुख्याध्यापकही हसले. मग मुलांनी आजीला समजावून सांगितलं, कुणीही दगड मारला नाही, आणि झाडावर पाच उरले.

मुख्याध्यापक उठले. फळ्यावर लिहिलं, 'दुरून आगगाडी येताना दिसली.' आणि खडू थेट खिडकीकडे रोखला. "तू."

या एका पोरावर बाईंची पहिली अडकली होती.

खिडकीवाला उभा राहिला. पहिल्या अक्षराशी त्याचा चेहरा उजळला, जुन्या ओळखीचं माणूस भेटावं तसा. "दु... रू... न." मग 'आगगाडी' आली आणि तो अडला. ओठ हलले, बंद झाले. मुख्याध्यापकांचं तोंड उघडलेलं बाईंना स्पष्ट दिसलं. 'आ' त्यांच्या तोंडात तयार होता. बाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तो गिळला. सगळा वर्ग थांबला. पुढच्या बाकांवरची पोरंसुद्धा तोंडावर हात ठेवून थांबली. बाहेर एक ट्रक आला आणि गेला.

"आ... ग... गाडी," तो म्हणाला. मग सवयीनं, आजीला ऐकू जावं म्हणून पुन्हा, मोठ्यानं, "आगगाडी येताना दिसली!"

सगळ्यांना काही तितकं जमलं नाही. वेणीवालीनं 'दिसली'चं 'बसली' केलं. एकजण 'येताना'शी अडला आणि तिथंच राहिला. पण मागच्या बाकांवर तोंड न उघडलेलं एकही मूल निघालं नाही.

मुख्याध्यापकांनी खडू ठेवला, हात झटकले. "दाखल्यांचं काय ते मी बघतो," ते नवीन बाईंना म्हणाले. "तुम्ही असं करा, रोज तासभर इथं मागं येऊन बसत जा." आणि बाईंकडे वळून, "ती पेटी आता तुमच्याकडेच राहू दे. कपाटात काय करायचीय?"

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आरसा बाहेर काढला आणि म्हणाले, "बोला." बाईंनी घरात पाऊल टाकताच, किती दिवसांनी, छातीभर श्वास घेऊन हाक मारली, "आईऽऽ!"

तळमजल्यावर कुणाच्या तरी हातातलं भांडं पडलं.

"अगं, केवढ्यानं ओरडतेस!" सासूबाई दचकून म्हणाल्या. "मी काय बहिरी आहे? इकडे ये, बस अशी जवळ. आणि ती पेटी आण, आज बेरीज घेऊ."

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात शिरल्या त्या स्वतःचा आवाज घेऊन. "सांगा बरं," त्या म्हणाल्या, बेतानं, पुढचे दोन बाक ओलांडून जाईल इतपत. "आठ चेंडूंतले तीन फुटले. किती उरले?"

आणि थांबल्या. बोटं उघडली, मिटली. खिडकीवाला छताकडे बघू लागला, ओठ हलवत. शांतता इतकी लांबली की भिंतीपलीकडे चौथीच्या सरांना चैन पडेना. ते दारातून डोकावले.

"बाई, आहात ना वर्गात? काही आवाज नाही म्हणून..."

बाईंनी त्यांच्याकडे न बघताच ओठांवर बोट ठेवलं.